इंदूरची एक ‘फुगे सोडण्याची’ सेवा : दोरी सुटेपर्यंत उत्तम

इंदूरमधील एका सजावटवाल्याच्या ‘हेलियमचे फुगे आकाशात सोडणे’ या पॅकेजचे हे परीक्षण आहे. राजेंद्रनगर भागातील आमच्या मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षाचा आरंभ जानेवारीत झाला आणि त्या सकाळी दीपप्रज्वलन आटोपताच पाचशे फुगे एकाच वेळी सोडावेत, असे कार्यकारिणीने बहुमताने ठरवले. मी बैठकीत शंका काढली होती. तेव्हा ‘मग तुम्हीच लक्ष घाला’ असे म्हणून दर ठरवण्यापासून त्या दिवशीच्या देखरेखीपर्यंतचे सगळे काम माझ्याकडे देण्यात आले, जे मराठी मंडळांच्या रीतीला धरूनच झाले. माझे मत आधीच सांगतो. फुगे भरण्यापासून ते हातातून सुटेपर्यंतचे काम या मंडळींनी चोख केले आणि तेवढ्यापुरते पाचापैकी साडेचार गुण द्यायला माझी हरकत नाही. परंतु फुगे वर जाऊन विरून जातात, मागे काहीही उरत नाही, हे जे आश्वासन या पॅकेजबरोबर दिले जाते ते खोटे आहे, आणि त्यामुळे हे पॅकेज कोणी घेऊ नये. सेवेचे नाव मी देत नाही, कारण जवळपास त्याच शब्दांतले वाक्य मी शहरातील इतरही पत्रकांवर वाचले आहे आणि त्यासाठी एकट्याला धरणे न्याय्य होणार नाही.

प्रथम जे चांगले होते त्याविषयी. कार्यक्रम साडेनऊचा होता आणि माणसे सातच्या आत मैदानावर हजर होती, हे इंदूरच्या मंडपवाल्यांचा अनुभव असलेल्यांना विशेष वाटेल. त्यांनी 7 घनमीटरचे दोन सिलिंडर आणले होते. बारा इंची फुगा थोडा कमी, म्हणजे अकरा इंचांपर्यंत भरला की त्यात सुमारे 14 लिटर वायू मावतो. त्या हिशेबाने पाचशे फुग्यांना एकच सिलिंडर पुरायला हवा, पण भरताना थोडा वायू वाया जातो आणि सिलिंडरच्या तळाशी दाब उरत नाही, म्हणून दुसरा हाताशी ठेवला असल्याचे त्यांच्या प्रमुखाने सांगितले. भरणाऱ्या मुलाच्या हाताला सफाई होती : नोजलवर फुगा चढवायचा, पुठ्ठ्याला पाडलेल्या गोल भोकातून त्याचा आकार तपासायचा, मानेला प्लास्टिकची छोटी क्लिप लावायची, तिच्यात आधीच अडकवलेली रिबन खाली सोडायची आणि फुगा मोठ्या जाळीखाली सरकवायचा. साडेआठपर्यंत जाळी फुगून वर ताणली गेली होती आणि चार कोपऱ्यांवर बांधलेल्या वाळूच्या पिशव्या तिला धरून होत्या.

सिलिंडरमध्ये खरोखर हेलियमच आहे ना, ही चौकशी मी आधी केली होती आणि हे पॅकेज कोणी घेवो वा न घेवो, सजावटीच्या कोणत्याही गॅसच्या फुग्यांसाठी ती प्रत्येकाने करावी असे माझे मत आहे. जत्रेत आणि चौकाचौकांत विकल्या जाणाऱ्या गॅसच्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन असतो. कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे जुन्या टाकीत घालून तो जागेवरच तयार केला जातो आणि अशा टाक्या फुटून माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. फुगा वर जाण्यावरून दोन्ही वायूंतला फरक ओळखता येत नाही, कारण हायड्रोजनची उचलण्याची शक्ती हेलियमपेक्षा जेमतेम आठ टक्क्यांनी जास्त आहे. दीपप्रज्वलनाच्या समईपासून काही पावलांवर फुग्यांची जाळी असणार होती, म्हणून मी पुरवठादाराची पावती मागितली, आणि कुरकुर न करता ती मला दाखवण्यात आली. यासाठीही या मंडळींना गुण द्यायला हवेत.

एक मतभेद मात्र तेथेच झाला. पॅकेजमध्ये ‘5’ आणि ‘0’ या आकड्यांचे चंदेरी फॉइलचे मोठे फुगेही सोडायचे होते. मी ते सोडू दिले नाहीत. व्यासपीठाच्या खांबांना बांधायला लावले. फॉइलचा फुगा म्हणजे धातूचा पातळ थर दिलेले प्लास्टिक असते. ते रबरासारखे ताणले जात नाही, विजेच्या तारांवर पडले तर दोन तारांमध्ये प्रवाह जोडू शकते आणि उघड्यावर कित्येक वर्षे कुजत नाही. रबरी फुग्यातून हेलियम दिवसभरात निसटून जातो, तर फॉइलचा फुगा कित्येक दिवस तरंगू शकतो, आणि खाली येतो तेव्हा अख्खाच्या अख्खा येतो. प्रमुखाने माझे म्हणणे ऐकून घेतले, पण त्याच्या चेहऱ्यावरून असे दिसले की हा प्रश्न त्याला यापूर्वी कोणी विचारला नसावा. विमानतळाला कळवले आहे का, या माझ्या दुसऱ्या प्रश्नालाही उत्तर मिळाले नाही.

ठरल्या वेळी जाळी उघडली आणि फुगे गेले. दृश्य देखणे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. निवेदकाने त्या क्षणी ध्वनिक्षेपकावरून हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागल्याचे सांगून टाळ्या घेतल्या. (हेलियमच्या शोधाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून केले होते, आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर विजयदुर्गाला आले ते 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणासाठी, पण कोकणातून इंदूरला आलेल्या घराण्यांसमोर हे सांगण्याची ती वेळ नव्हती.) माझ्या शेजारी उभ्या असलेल्या भरणाऱ्या मुलाला मी विचारले की हे सगळे जाते कुठे. तो अगदी सहजपणे म्हणाला, ‘‘काकाजी, ऊपर जाके सब गल जाता है.’’ त्याला तसे सांगण्यात आले होते आणि त्याने ते मला सांगितले. त्यात त्याचा दोष नाही. छापील पत्रकावर हेच जरा सुसंस्कृत भाषेत आहे : शंभर टक्के नैसर्गिक रबर, झाडाच्या पानाइतक्याच काळात विघटन, पर्यावरणाला शून्य हानी.

प्रत्यक्षात काय होते, ते पाहू. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. येथल्या हवेत हेलियमचा एक लिटर साधारण एक ग्रॅमपेक्षा किंचित कमी वजन उचलतो. चौदा लिटरचा फुगा त्यामुळे सुमारे तेरा ग्रॅम उचलू शकतो. रबराचे तीन आणि क्लिप-रिबनचे एखादा ग्रॅम वजा जाता जी ताकद उरते, तिच्या जोरावर तो सेकंदाला दोनेक मीटर वेगाने चढतो. वर हवेचा दाब कमी होत जातो तसा आतला वायू पसरतो. सुमारे सहा किलोमीटरवर बाहेरचा दाब इंदूरच्या दाबाच्या निम्मा होतो. थंडीमुळे वायू थोडा आकसतो, तरीही आठ किलोमीटरपर्यंत पोहोचलेल्या फुग्याचे घनफळ दुपटीहून अधिक आणि व्यास सुमारे तीस टक्क्यांनी जास्त झालेला असतो. चांगला भरलेला फुगा या टप्प्याच्या आसपास आपल्या ताणाची मर्यादा गाठतो आणि फुटतो. खालून निघाल्यापासून तेथवर जायला त्याला तासभर लागतो, म्हणजे आपल्याकडे पाहुण्यांचे पोहे-जिलेबी आटोपून भाषणे सुरू झालेली असतात.

पत्रकात असेही म्हटले होते की वरच्या कडाक्याच्या थंडीने रबर गोठते, काचेसारखे ठिसूळ होते आणि त्याचा भुगा होतो. हे वाक्य जगभर फिरते आणि ऐकायला शास्त्रीय वाटते, पण त्यात अर्धेच तथ्य आहे. आठ किलोमीटरवर तापमान शून्याखाली पंचवीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान असते, आणि नैसर्गिक रबर खऱ्या अर्थाने काचेसारखे कडक होते ते शून्याखाली सत्तर अंशांच्या सुमारास. याचा पुरावा हवामान खातेच देते. भोपाळसारख्या केंद्रांवरून उपकरणे बांधून जे मोठे फुगे सोडले जातात, तेही नैसर्गिक रबराचेच असतात. त्यांचे रबर खास तयार केलेले असते हे खरे, पण ते याहून कितीतरी थंड थर ओलांडून तीसेक किलोमीटरपर्यंत जातात आणि फार ताणले गेल्यावरच फुटतात. थंडीने रबर कडक होते, ताण कमी सोसते, एवढेच. फुग्याला फोडतो तो ताण.

आता तुकड्यांविषयी. पॅरिसमधील दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 2015 मध्ये फुगे फोडून पाहिले आणि त्यांचे चित्रीकरण अतिवेगवान कॅमेऱ्याने केले. त्यांना दिसले ते असे : कमी ताणलेला फुगा फुटतो तेव्हा एकच भेग धावते आणि त्याचे दोन मोठे तुकडे होतात, तर ताण एका मर्यादेपलीकडे गेलेला असेल तर एका ठिकाणाहून अनेक भेगा फाटत जातात आणि रबराच्या लांब पट्ट्या पडतात. उंचावर पोहोचून फुटलेल्या फुग्याचे जे उरते ते म्हणजे मानेच्या जाड कड्याला लोंबणाऱ्या, शेवयांसारख्या पट्ट्यांचा झुबका, आणि त्याखाली शाबूत क्लिप व रिबन. यातील कशाचेही वजन वर जाताना होते त्याहून कमी झालेले नसते. कमी झालेला असतो फक्त हेलियम.

हे सर्व झाले त्या फुग्यांचे, जे ठरल्याप्रमाणे वर जातात. सगळे जात नाहीत. भरताना आकारात चूक होते, काहींच्या क्लिपमधून वायू झिरपतो, काहींच्या रिबनी एकमेकींत गुंतून त्यांचे घोस होतात, आणि पावसाचे पाणी वर बसले तर त्या वजनाने फुगा खाली येतो. कमी भरलेल्या फुग्याविषयी एक गंमत आहे : तो फुटण्यासाठी त्याला आणखी उंच जावे लागते, पण उचल कमी असल्याने तो हळू चढतो आणि वाटेत वायू निसटत राहतो, त्यामुळे तो पुष्कळदा न फुटताच सुरकुतलेल्या अवस्थेत खाली उतरतो. आमच्याच कार्यक्रमात एक घोस मैदानाच्या कडेच्या कडुनिंबात अडकला. दोन दिवसांनी माळ्याने तो काठीने काढून दिला, तेव्हा फुग्यांचा लाल रंग दुधट पांढुरका झाला होता, रबर हाताला सैल लागत होते, आणि रिबन मात्र दुकानातून आणल्याइतकी चकचकीत होती. ती पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते. तिच्यापुढे नैसर्गिक रबराच्या गप्पा मारता येत नाहीत, आणि पत्रकात तिचा उल्लेखही नाही. पाखराचा पाय अडकायला ती पुरेशी असते.

झाडाच्या पानाइतक्या काळात विघटन होते, हा दावा कोठून आला तेही सांगण्यासारखे आहे. अमेरिकेत 1989 मध्ये फुग्यांच्या सजावटकारांच्या संघटनेसाठी एक अहवाल तयार झाला. फुगे आठेक किलोमीटरवर जाऊन बारीक पट्ट्या होऊन फुटतात आणि ओकच्या पानाइतक्या वेगाने कुजतात, हे त्यातून आले, आणि तेव्हापासून ओकचे पान जगभरच्या पत्रकांवर फिरत आहे. इंदूरला येईपर्यंत त्याचे नुसते ‘पान’ झाले. टास्मानियातील संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रबरी फुगे गोड्या पाण्यात, खाऱ्या पाण्यात आणि औद्योगिक कंपोस्टमध्ये सोळा आठवडे ठेवले होते, आणि त्यानंतरही त्यांचा आकार व रूप बहुतांशी कायम होते. कारण उघड आहे. झाडाचा चीक हा नैसर्गिक असतो. फुगा तसा नसतो. चिकात गंधक मिसळून तो तापवतात म्हणून तर त्याला ताण सोसण्याची ताकद येते. त्याशिवाय रंग असतात, तो लवकर जीर्ण होऊ नये म्हणून घातलेली रसायने असतात, आणि वायू जास्त वेळ टिकावा म्हणून काही सजावटवाले फुग्याच्या आत हाय-फ्लोट नावाच्या द्रवाचा थरही देतात. टिकण्यासाठी जे केले, ते कुजण्याच्या आड येणारच.

उरलेले काही फुगे मी घरी आणून गच्चीवरच्या खताच्या माठात कडुनिंबाच्या पाल्याबरोबर पुरले आणि एक कठड्यावर उन्हात बांधून ठेवला. उन्हातला फुगा एप्रिलपर्यंत चिकट झाला, मग त्याला भेगा पडल्या आणि त्याचे तुकडे झाले. माठातले मृग नक्षत्र लागले तेव्हा बाहेर काढले; पाला केव्हाच काळी माती झाला होता आणि फुगे पाण्याखाली धुतल्यावर त्यांच्यावरचे ‘50’ हे छापील अक्षर वाचता येत होते. या प्रयोगाला शास्त्रीय मोल नाही, पण पत्रक लिहिणाऱ्याने एवढेही केले नव्हते, असे मला वाटते.

मग ते पडतात कोठे? जानेवारीत माळव्यावर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि त्यांचा वेग मोठा असतो; म्हणून आठ किलोमीटरवर फुटलेल्या फुग्याचे अवशेष देवासच्या पुढे, सोनकच्छ-आष्ट्याच्या बाजूला उतरले असण्याचा संभव अधिक. जमिनीलगतचा वारा मात्र थंडीत बहुधा ईशान्येचा असतो, त्यामुळे जे फुगे फार वर गेलेच नाहीत ते उलट्या दिशेला, राऊच्या बाजूला गेले असणार. (गणपतीत कोणी हा कार्यक्रम करू पाहील तर चित्र आणखी निराळे असेल, कारण पावसाळ्यात खालचे वारे पश्चिमेचे आणि फार उंचावरचे पूर्वेचे असतात.) शहराच्या मध्यभागातून सोडलेल्या फुग्यांच्या वाटेत सिरपूर तलाव येऊ शकतो. सिरपूर आणि हातोदजवळचे यशवंत सागर, ही दोन्ही ठिकाणे 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली. यशवंत सागरावर सारस पक्षी आहेत. समुद्रपक्ष्यांविषयी 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात 1,733 मृत पक्षी तपासले होते. त्यात असे निघाले की फुग्याचा तुकडा गिळल्याने मृत्यू येण्याची शक्यता कठीण प्लास्टिक गिळण्याच्या 32 पट आहे, कारण मऊ रबर आतड्यात अडकून बसते. आपल्याकडे समुद्र नाही, पण तळी आहेत, आणि देवासकडच्या गव्हा-हरभऱ्याच्या शेतांत चरायला सोडलेली गुरे तर आहेतच. बांधावर पडलेली लाल पट्टी गाईने कडब्याबरोबर ओढली तर मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाशी त्या शेतकऱ्याचा काय संबंध होता, याचे उत्तर आमच्यापैकी कोणालाच देता येणार नाही.

येथे मला इंदूरकर म्हणून अधिक बोचते. 2017 पासून वर्षानुवर्षे आपण स्वच्छतेत पहिले येत आहोत. घरोघरी सहा प्रकारचा कचरा वेगळा होतो, चहाचा कागदी पेला रस्त्यावर टाकला तर मागून येणारा अनोळखी माणूस टोकतो. त्याच गावात माणसे पाचशे रबरी पिशव्या, पाचशे क्लिपा आणि पाचशे रिबनी मुद्दाम हवेत सोडतात आणि टाळ्या वाजवतात, याचे कारण एवढेच की त्या पालिकेच्या हद्दीत पडत नाहीत. कचरागाडीवरच्या ताईंना मी कडुनिंबातला घोस दाखवला आणि कोणत्या डब्यात टाकू असे विचारले. त्यांनी रिबन ओढून बघितली, क्लिप काढून प्लास्टिकच्या डब्यात टाकली, रबर सुक्यात टाकले आणि पुढच्या घराची शिट्टी वाजवली. हा निवाडा करायला त्यांना दहा सेकंदही लागले नाहीत.

मोठ्या प्रमाणावर हे केले की काय होते, याचा धडा 27 सप्टेंबर 1986 रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड शहराने घेतला. एका सेवाभावी संस्थेच्या निधीसाठी तेथे सुमारे पंधरा लाख फुगे एकाच वेळी सोडण्यात आले. पाऊस घेऊन आलेल्या थंड हवेच्या लाटेने ते उंच जाण्याआधीच खाली ढकलले. ईरी सरोवराच्या पाण्यावर फुग्यांचा थर पसरला, शेजारच्या विमानतळाची धावपट्टी काही काळ बंद ठेवावी लागली, आणि सरोवरात बेपत्ता झालेल्या दोन मासेमारांचा शोध घेणाऱ्या तटरक्षकांना पाण्यावर डोकी कोणती आणि फुगे कोणते हे कळेना. ते दोघेही वाचले नाहीत. घोडे पाळणाऱ्या एका महिलेने तिचे अरबी घोडे बिथरून जखमी झाले म्हणून दावा लावला. आमचे फुगे पाचशे होते, पंधरा लाख नव्हते, हे मान्य. पण पाचशे फुग्यांनाही वाऱ्याच्या मर्जीवरच सोडले जाते.

कायद्याच्या बाजूने पाहता, अमेरिकेतील व्हर्जिनिया आणि मेरीलँड या राज्यांनी 2021 मध्ये हेतुपुरस्सर फुगे सोडण्यावर बंदी घातली आणि फ्लोरिडाने 1 जुलै 2024 पासून. आपल्याकडे 1 जुलै 2022 पासून फुग्यांच्या प्लास्टिक काड्यांवर बंदी आहे; फुगा सोडण्याविषयी त्या नियमांत काही नाही. तेव्हा सजावटवाला कोणताही नियम मोडत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवतो.

हेलियमच्या नासाडीचा मुद्दा पुष्कळ जण मांडतात. जमिनीखाली युरेनियम आणि थोरियम यांच्या किरणोत्सारातून हा वायू अब्जावधी वर्षांत साठत जातो, नैसर्गिक वायूबरोबर मिळतो, आणि एकदा हवेत मिसळला की परत गोळा करणे परवडत नाही, कारण हवेत त्याचे प्रमाण दहा लाखांत पाच भागांच्या आसपास असते. एमआरआय यंत्राचे चुंबक थंड ठेवायला तो लागतो. भारत तो जवळपास सगळा बाहेरूनच आणतो. तरीही मी हा आक्षेप फार ताणणार नाही. फुग्यांसाठी वापरला जाणारा वायू कमी शुद्धतेचा असतो आणि जगातल्या एकूण वापरात फुग्यांचा वाटा लहान आहे. माझी तक्रार वायूविषयी नाही, त्याच्या वेष्टनाविषयी आहे.

दराविषयी : सोडण्याच्या पॅकेजचा दर फुग्यामागे पंचावन्न रुपये पडला, जाळी आणि माणसांचा खर्च धरून. काम वेळेवर, माणसे सभ्य, हिशेब स्वच्छ. मैदानावर पडलेल्या फुटक्या फुग्यांचे तुकडे त्यांनी स्वतः वेचून नेले, आणि ही शिस्त त्यांच्यात आहे म्हणूनच आकाशातल्या तुकड्यांविषयी त्यांनी बेफिकीर असावे हे खटकते. व्यासपीठामागची कमान, जी साध्या हवेच्या फुग्यांची होती, ती इतकी नेटकी होती की पाहुण्यांनी फोटो काढून घेतले ते तिच्याच पुढे. सेवेचे ते काम मी कोणालाही सुचवीन. फक्त कार्यक्रमानंतर कमान उतरवून, फुगे फोडून, क्लिपा वेगळ्या करून नेण्याची अट लेखी घ्यावी, कारण तोंडी घेतलेली अट संध्याकाळी मंडप उतरवणाऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही. सभागृहात हेलियमचे फुगे हवेच असतील तर प्रत्येकाला वजन बांधलेले असावे आणि खिडक्या-दारांकडे लक्ष ठेवायला एक माणूस नेमावा. गॅसची पावती मागावी. फॉइलचे फुगे उघड्यावर घेऊच नयेत.

बाकी पैसे चुकते करायला गेलो तेव्हा मी माठातून काढलेला फुगा प्रमुखाच्या टेबलावर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला, त्यावरचा आकडा वाचला, आणि पत्रकातले वाक्य कागद पुरवणाऱ्याने दिले होते, आपण लिहिलेले नाही, असे सांगितले. वाक्य काढणार का, या प्रश्नावर तो म्हणाला की पुढच्या छपाईत बघू. पॅकेज मात्र राहील, कारण लग्नांत त्याला मागणी आहे. वर्षअखेरच्या समारोपासाठी मी त्याच्याकडून फक्त हवेच्या फुग्यांच्या कमानीचा आणि फुलांच्या तोरणाचा भाव घेतला आहे. तो सोडण्याच्या पॅकेजच्या निम्म्याहून कमी आला असून कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत मी तो ठेवणार आहे.